दोन्हीकडे चालतील असे

शरयूनं डावा पाय रबरी बुटासकट पोहताना घालायच्या फिनच्या खोबणीत कोंबला आणि टाचेमागचा पट्टा ओढला. पट्टा हातातून सटकला आणि फट्कन तिच्या पोटरीवर बसला.

"आई गं!"

"लागलं?" सिद्धेशनं विचारलं, पण लक्ष कुठं होतं त्याचं? तो दुसऱ्या एका जोडीतला फिन हातात घेऊन उलटापालटा करून बघत होता. मिक्सरच्या बुडाशी ११०-२२०चा खटका शोधावा, तसा तो त्या फिनच्या तळाशी काहीतरी शोधत होता.

"काय बघतोस एवढं?"

"काही नाही. मटेरियल कुठं लिहिलंय का ते बघतोय."

सांता क्लारातलं डायव्हिंगच्या सामानाचं ते दुकान एका डोशाच्या हॉटेलाला लागून होतं. आत रबराचा वास भरून राहिला होता आणि त्यात मधूनच सांबाराचा वास मिसळत होता. भिंतीवर छतापर्यंत फिन्स टांगलेले. काळे, पिवळे, निळे, काही वल्ह्याएवढे लांब, काही मधोमध चिरलेले. शरयूला हा बाजार बघून घाबरायला झालं होतं. सिद्धेशला मात्र घाबरायचं कारण नव्हतं, कारण तो इंटरनेटवरचे मुरलेल्या डायव्हर्सचे अभिप्राय वाचून केलेली एक्सेल शीट घेऊन आला होता. चौदा मॉडेल्स, सात कॉलम. सातवा कॉलम होता, 'इंडियात यूज?' आणि त्यात चौदाच्या चौदा ठिकाणी प्रश्नचिन्हं होती.

हा सातवा कॉलम गेली नऊ वर्षं त्यांच्या घरात ठाण मांडून बसला होता. सनीव्हेलच्या त्या दोन खोल्यांत 'तिकडे' चालणार नाही अशी एकही वस्तू आली नव्हती. मिक्सर दोन्ही व्होल्टेजचा. टीव्ही मल्टिसिस्टिम, म्हणजे पुण्यातही लागेल असा, आणि तो तर सिद्धेशनं परत जाणाऱ्या एका मित्राच्या सामानातून पुढे पाठवूनही दिला होता, आईच्या घरी, वरच्या खोलीत. ती खोली त्या दोघांसाठी ठेवलेली. इथला सोफा घर हलवणाऱ्या कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधला, जेवणाचं टेबल घडीचं, भाडेकरार महिन्या-महिन्याचा. नवीन काही घेतलंच तर महिनाभर त्याचं लेबल कापायचं नाही, परत करायची वेळ आली तर? भिंतीला खिळा नाही. मूलसुद्धा 'तिकडे गेल्यावर'च्याच यादीत होतं, आणि ऑगस्टमध्ये शरयूला छत्तिसावं लागणार होतं.

कधी जायचं ते मात्र ठरत नव्हतं. दर वर्षी दिवाळीनंतर बघू म्हणायचं आणि दिवाळी आली की पुढच्या दिवाळीकडे बोट दाखवायचं, असं छान चाललं होतं. पण महिन्याभरापूर्वी सिद्धेशच्या कंपनीनं पुण्यात ऑफिस काढायचं ठरवलं आणि त्याला विचारलं, जातोस का? उत्तर द्यायची मुदत येत्या सोमवारपर्यंत. सिद्धेशनं ही बातमी घरी येऊन सांगितली, शरयू "अरे वा" म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्या विषयावर दोघांची अळीमिळी गुपचिळी.

शरयूला जायचं नव्हतं. आता हे सांगून टाकायला काय हरकत होती? पण नवऱ्याचा नऊ वर्षांचा जप आपण मोडायचा, पुण्यात एकट्या राहणाऱ्या सासूपासून मुलाला तोडणारी सून आपण व्हायचं, हे तिच्या जिवावर आलं होतं. महिनाभर ती रोज रात्री मनात वाक्य जुळवत होती आणि रोज सकाळी डबा भरताना ते विसरल्यासारखं करत होती. आता हातात दोन दिवस होते.

तशात हे डायव्हिंग. ते तिचं खूळ नव्हतंच मुळी. ऑफिसमधल्या यामिनीनं सोबत हवी म्हणून क्लासात तिचं नाव घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी कान दुखल्याचं निमित्त काढून यामिनी पसार झाली. शरयू राहिली. नागपूरला कॉर्पोरेशनच्या तलावात लहानपणी शिकलेलं पोहणं कामी आलं. मग माँटेरेच्या समुद्रात, हातपाय बधिर करणाऱ्या पाण्यात, ती तीस फूट खाली गेली. खालून उगवून वरपर्यंत गेलेल्या केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, रानात तिनं वर पाहिलं, पानांमधून ऊन खाली येत होतं, आणि तिला फार बरं वाटलं. खाली कुणी कुणाला काही विचारत नाही, हे तर तिला सगळ्यात आवडलं.

फक्त भाड्याच्या फिन्सनी घात केला होता. सिद्धेशच्या शीटमध्ये पहिल्या नंबरावर होते तसले, लांब आणि कडक पात्यांचे, तिनं हट्टानं मागून घेतले होते. दुसऱ्या डाइव्हला पोटरीत असा गोळा आला की इन्स्ट्रक्टरला तिला ओढत किनाऱ्यावर आणावं लागलं. तेव्हाच त्यानं सांगितलं, बाकी सगळं भाड्यानं घे, पण मास्क, बूट आणि फिन्स स्वतःचे घे.

"ते खाली ठेवा," मागून आवाज आला. दुकानाची मालकीण डोरीन. साठीची, उन्हानं रापलेली, एका कानानं कमी ऐकणारी. सिद्धेशच्या हातातला कागद तिनं मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. "हे लिहिणारे लोक वीस वर्षं पाण्यात आहेत. त्यांच्या पोटऱ्या बघितल्यात? तुमच्या बायकोचे पाय अजून शिकतायत. त्यांना मऊ पातं पाहिजे, जरा आखूड. चार पैलवानांना आवडलं म्हणून नवख्यानं कडक पातं घ्यायचं नसतं."

शरयूला हे ऐकून इतका आनंद झाला की तिनं तो लपवायला खाली वाकून बुटाची चेन वरखाली केली.

"आता मला एकच सांगा," डोरीन तिच्यासमोर स्टुलावर बसली. "डायव्हिंग मुख्यतः कुठे करणार?"

शरयूनं सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेशनं भिंतीवरच्या फिन्सकडे पाहिलं.

"का?" सिद्धेशनं विचारलं. "त्याने काय फरक पडतो?"

"सगळा फरक त्यानेच पडतो." डोरीननं दोन जोड्या काढून जमिनीवर ठेवल्या. पहिली काळ्या रबराची, जड, मागे टाच उघडी आणि पट्टा. "ही जाड बुटांवर घालायची. थंड पाणी, खडक, लाटा. म्हणजे इथलं." दुसरी निळी, हलकी, पंप शूसारखी बंद टाचेची. "ही अनवाणी पायांत घालायची. कोमट पाण्यासाठी. ही घालून इथल्या पाण्यात गेलात तर दहा मिनिटांत पायाची बोटं आहेत की गेली ते कळणार नाही."

"दोन्हीकडे चालतील असे नाहीत का?" सिद्धेशनं विचारलं.

विचारणारच. शरयूनं डोळे मिटून घेतले.

"दोन्हीकडे म्हणजे?"

"इथे, आणि इंडियात."

"इंडियात पाणी कसं आहे?"

सिद्धेश म्हणजे सनीव्हेल ते सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रत्येक कॅलट्रेनची वेळ तोंडपाठ असलेला माणूस, पण हा आकडा त्याच्यापाशी नव्हता. जन्म सगळा पुण्यात गेलेला. समुद्र पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. शरयू तर नागपूरची. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेले तेव्हा साडी वर धरून ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली होती, आणि सिद्धेश काठावरून ओरडत होता, पुढे जाऊ नकोस, ओढ असते!

"कोमट असेल," शेवटी तो म्हणाला. "आय थिंक."

डोरीननं मान हलवली आणि तिसरी जोडी काढली. पिवळी, प्लॅस्टिकची, पट्टा लहानमोठा होणारी. "ही घ्या मग. जाड बूट, पातळ बूट, काहीही घाला. दोन्हीकडे चालते."

"बघ!" सिद्धेशचा चेहरा उजळला. "मी म्हटलं नव्हतं? असणारच."

शरयूनं ती घालून पाहिली. डोरीननं तिला पाय उचलून जोरात झटकायला सांगितला. फिन पडला नाही, पण आत पाय पुढेमागे सरकला. पट्टा घट्ट केला तर बोटं टोकाला टेकली, सैल केला तर टाच उचलली.

"हलतोय," शरयू म्हणाली.

"हलणारच," डोरीन म्हणाली. "जाड बुटाला बसेल एवढी जागा ठेवली की पातळ बुटात पाय खेळतो, आणि पातळ बुटासाठी घेतले की जाड बूट आवळतो. चालते दोन्हीकडे. पण पाय हलतच राहतो, आणि मग तुम्ही पोहायचं सोडून तो धरून ठेवण्यात दमता."

"थोडा हलला तर काय बिघडलं?" सिद्धेश मराठीत म्हणाला. "जाड मोजे घालता येतील यार. ॲडजस्ट होतं सगळं."

शरयूनं पिवळे फिन्स काढले, शेजारी शेजारी नीट लावून ठेवले. मग काळ्यांत पाय घातला. पट्टा या वेळी सटकला नाही. तिनं पाय झटकला, पुन्हा झटकला. पाय आत जणू चिकटून बसला होता.

"मला हे पाहिजेत," ती म्हणाली.

"अगं, पण हे फक्त इथे—"

"माहीत आहे."

तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. काउंटरपाशी उभा असलेला एक माणूस वळून बघू लागला. सिद्धेशनं हातातल्या शीटची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती खिशात ठेवली. आता हा वाद घालणार, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, ती त्याची वाट बघत होती. निदान त्या निमित्तानं बोलणं तरी निघालं असतं. पण तो "ओके" म्हणाला आणि काउंटरकडे चालू लागला.

डोरीननं बिलाबरोबर एक फॉर्म पुढे सरकवला. दुकानाचा क्लब होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे मिळून माँटेरेला जायचं, शिवाय पट्टे तुटले तर बदलून मिळणार. सभासदत्व एक वर्षाचं, तीन वर्षांचं किंवा पाच वर्षांचं. शरयू खाली बसून बुटांशी झटत होती. घरात फॉर्म भरण्याचं खातं सिद्धेशचं, तेव्हा पेन त्यानंच उचललं. व्हिसाच्या फॉर्मपासून लायब्ररीच्या कार्डापर्यंत प्रत्येक कागद तीनदा वाचल्याशिवाय त्यावर टिंबही न टेकवणारा माणूस. त्यानं भराभर नाव, पत्ता, फोन लिहिलं आणि कागद तिच्याकडे दिला. "इथे सही कर."

सही करता करता शरयूनं फॉर्मच्या वरच्या ओळी पाहिल्या. पाच वर्षांच्या चौकटीत खूण होती.

"सिद्धेश, पाच वर्षांवर टिक केलंयस."

"हो, कारण पट्टे..." तो बोलायला लागला, आणि थांबला. त्याचे कान लाल झाले. कागद परत घेण्यासाठी त्यानं हात पुढे केला, पण तोवर डोरीननं तो उचलून फायलीत टाकलाही होता.

गाडी पार्किंगमधून बाहेर पडली. फिन्स मागच्या सीटवर. पहिल्या सिग्नलला शरयूनं विचारलं, "सोमवारी काय कळवणार आहेस?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा सिद्धेशनं गाडी हलवली.

"कळवलं."

"कधी?"

"मंगळवारी. नको म्हणून सांगितलं."

शरयूचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिचं डोकंही भडकलं. या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. महिनाभर आपण मनातल्या मनात कोर्टकचेरी करत होतो आणि निकाल लागून चार दिवस झाले होते! रागावली की तिचं नागपूर बाहेर यायचं.

"काहून नाही सांगितलं मला? मी काय भाडेकरू आहे का घरातली?"

"मला वाटलं, तुला जायचंय."

"मला?"

"तू दर शनिवारी आईला म्हणतेस ना, येतो लवकरच, येतो लवकरच."

"अरे देवा! ते मी तुझ्यासाठी म्हणते!"

घराचं वळण आलं तरी सिद्धेशनं इंडिकेटर दिला नाही आणि गाडी सरळ पुढे गेली. पुढच्या चौकातून परत फिरताना तो म्हणाला, "मला नाही जायचं गं. किती तरी दिवसांपासून नाही जायचंय. पण आईला काय सांगू? तिनं ती वरची खोली ठेवलीय. दर दिवाळीला रंग काढते." मग घराच्या वळणाला इंडिकेटर देत, "तू सांगशील?"

"वा रे वा!" शरयू म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

घरी पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते, तरी जूनमधलं ऊन गॅलरीत रेंगाळत होतं. पुण्यात रविवारची सकाळ झालेली. ही त्यांची फोनची वेळ. सिद्धेश घड्याळाकडे बघून आंघोळीला शिरला. शनिवारी संध्याकाळी आंघोळ करायची आठवण त्याला नऊ वर्षांत पहिल्यांदा झाली होती.

शरयूनं कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर फिरवला. लाइन नेहमीसारखीच खराब, आपलंच बोलणं मागून परत ऐकू येत होतं.

"आई, मी शरयू."

"हां, बोल गं! काय विशेष?" सासूबाई ट्रंक कॉलच्या काळातल्या, त्यामुळे अमेरिकेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत.

"विशेष काही नाही. फिन्स घेतले आज."

"फॅन?"

"फिन्स, आई, पाण्यात—"

"अगं, फॅन कशाला घेतेस तिकडून! इथे चालायचा नाही तो. एकशेदहाचा असेल ना?"

शरयू चूक दुरुस्त करायला निघाली होती. तिनं मागच्या कोचावर पडलेल्या पिशवीकडे पाहिलं. बाथरूममध्ये पाणी वाहत होतं. एवढं सोपं वाक्य पुन्हा मिळणार नाही, हे तिला कळलं.

"हो आई," ती म्हणाली. "तिकडे नाही चालायचा. इथल्यासाठीच घेतलाय."

तिचंच वाक्य मागून परत आलं, इथल्यासाठीच घेतलाय. मग काहीच आलं नाही. लाइन गेली असं तिला वाटलं.

"हॅलो? आई?"

"आहे गं, आहे." सासूबाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "चांगला आहे ना? वारा लागतो?"

"लागतो."

"मग झालं तर. वापरा तिथेच. सिद्धू आहे का जवळ?"

"आंघोळीला गेलाय."

"आत्ता, संध्याकाळचा? बरं, मग ऐक. वरची खोली मी दिलीय भाड्यानं. गेल्या दिवाळीपासून. प्रतिमा म्हणून मुलगी आहे सांगलीची, बँकेत असते. गुणी आहे हो. मला रात्री औषध विचारते. तो तुमचा टीव्हीसुद्धा छान लागतो, आम्ही दोघी बघतो."

शरयूला हसावं की रडावं कळेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही बोलला नाहीत कधी."

"कसं बोलू? त्याला वाटतं, आई वाट बघतेय. दर वेळी 'बघू' म्हणतो बिचारा. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय असतो, ते मला माहीत नाही का? त्याचे वडील जन्मभर बघूच म्हणत होते. पण तू त्याला खोलीचं सांगू नकोस हं. उगाच मनाला लावून घेईल."

बाथरूमचं दार उघडलं. सिद्धेश ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं भुवया उंचावल्या. सांगितलंस? शरयूनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"काय रे सिद्धू!" सासूबाईंचा आवाज पुन्हा चढला होता, कोचावर बसलेल्या शरयूला लख्ख ऐकू येत होता. "कधी येताय?"

सिद्धेशनं शरयूकडे पाहिलं. मग पाठ वळवली आणि गॅलरीच्या दारापाशी गेला.

"बघू, आई. या दिवाळीनंतर बघू."

"या बाबा लवकर. खोली तुमची तशीच आहे."

शरयूनं पिशवीतून फिन्स काढले, मांडीवर घेतले आणि लेबलं कापायला कात्री शोधू लागली.